उन्हाळी बेडूक

आमच्या विहिरीत आजतागायत एकही माणूस बुडून मेलेला नाही. लाजेनं मेले, ते वेगळे.

विहीर वारूळवाडीच्या आमच्या मळ्यात. दगडी बांधणीची, ऐसपैस घेराची आणि भर मे महिन्यातही दोन पुरुष पाणी राखून असणारी. मी सांगतोय ते नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाचं. तेव्हा नारायणगावात पोहण्याचा तलाव वगैरे भानगड नव्हती. त्यामुळे परीक्षा संपल्या, की वाड्यावस्त्यांवरची, बाजारपेठेतली आणि पुण्याहून पाहुणी आलेली झाडून सगळी जनता पोहायला शिकण्यासाठी आमच्याच विहिरीवर यायची. आणि काठावर, पूर्वी मोटेचं पाणी ज्यात पडायचं त्या दगडी थारोळ्यावर पाय सोडून आम्ही तिघं बसलेलो असायचो : मी, माझा चुलतभाऊ बबन आणि टेम्पोवाला इस्माईल.

आम्ही बारमाही पोहणारे. चौथीत असताना चुलत्यानं आम्हाला एकेक करून उचललं आणि विहिरीत फेकलं. जो वर आला तो शिकला. (तिघंही वर आलो. काहींना अजून त्याचं वाईट वाटतं.) त्यामुळे एप्रिलमध्ये येऊन जूनमध्ये गायब होणाऱ्यांबद्दल आम्हाला काडीचाही आदर नव्हता. त्यांना आम्ही ‘उन्हाळी बेडूक’ म्हणायचो. हे नाव माझं. बबन म्हणाला होता, “बेडकाला पवता येतं की राव!” म्हटलं, “ते पावसाळी. ह्यो वाण वेगळा.”

बेडूक आला, की आधी त्याचं सामान तपासायचं. कुणी पाठीला गोडेतेलाचे रिकामे डबे बांधून यायचा, त्याला ‘किराणा’. कुणी ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन यायचा, त्याला ‘पंक्चर’. एकानं टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल पोटाला बांधला होता. तो पाण्यात पडला, थर्माकोल सुटून वर आला आणि हे महाशय खालीच! इस्माईल ओरडला, “अरे, खोकं आलं, टीव्ही कुठंय?”

माझा स्वतःचा एक खास प्रयोग असायचा. नवखा माणूस पायरीवर उभा राहून धीर गोळा करत असला, की मी विहिरीच्या मधोमध जाऊन किंचाळायचो, “मेलो! पाय! कुणीतरी पाय धरला!” दोन गटांगळ्या, चार बुडबुडे आणि गडप. तो पांढराफटक पडला, की मी पाण्याखालून जाऊन त्याचाच पाय धरायचो. एक जण तर तसाच ओल्या चड्डीनं नारायणगावच्या स्टँडपर्यंत पळाला. मी दहा वर्षं हा प्रयोग केला आणि दरवर्षी लोक तितकेच हसले. त्या काळी मला वाटायचं, की हे माझं मोठंच कर्तृत्व आहे.

त्या वर्षी आमच्या नशिबानं कांतीशेठ आले.

कांतीशेठ म्हणजे नारायणगावच्या पेठेतले कापडवाले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. शेठ मात्र आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचे. वय पन्नास, वजन विचारू नका. गुडघे दुखायला लागले म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं. आता डॉक्टरनं सांगितलं म्हणून माणसानं किती सामान आणावं? डोक्याला रबरी टोपी, डोळ्यांना निळा चष्मा, कानांत बोळे, नाकाला चिमटा आणि अंगात नारिंगी रंगाचं फुगीर जाकीट. मुंबईहून मागवलेलं! जाकिटाला शिट्टी लावलेली. शिवाय मागून प्लास्टिकची खुर्ची आणि चहाचा थर्मास.

आम्ही तिघांनी एकेक वस्तू बोटांवर मोजली. मग बबन म्हणाला, “शेठ, चंद्रावर निघालात का?”

“नाही भाऊ, पायरीवर,” शेठ म्हणाले. “आज पाण्यातल्या तिसऱ्या पायरीपर्यंत जायचं ठरवलंय. चौथी उद्या.”

“आन् शिट्टी कशाला?”

“बुडायला लागलो तर वाजवायला.”

“बुडताना शिट्टी कोण ऐकणार?”

“तुम्ही रोज बसलेले असताच की!”

आम्ही लोळून हसलो. शेठ रागावले नाहीत. शांतपणे पाण्यात उतरले, पायरीला धरून अर्धा तास पाय मारले, वर आले, टॉवेलनं कानाची पाळीसुद्धा कोरडी केली आणि खुर्चीवर बसून चहा प्यायले. जाताना म्हणाले, “हसा भाऊ, हसा. हसण्यावर अजून सेल्स टॅक्स नाही.”

रोज एक पायरी. आम्ही नाव ठेवलं ‘नारिंगी बेडूक’. पेठेतसुद्धा ते चाललं. त्यांच्या दुकानात माणसं साडी बघता बघता विचारायची, “शेठ, कितवी पायरी?” आणि ते खरंच सांगायचे!

आता माझ्या घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं. तेवढा भाग हसण्यासारखा नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

होळी झाली आणि कालव्याला पाणी सुटलं. माझी बायको सुमन गोधड्या धुवायला कालव्यावर गेली होती. आमची पाच वर्षांची पिंकी बरोबर होती. शेवाळावरून पिंकीचा पाय सटकला. पाण्याला ओढ होती. पोरगी वाहत निघाली आणि सुमन काठाकाठानं पळायला लागली. हातात ओली गोधडी तशीच! पुढच्या मोरीवर एक म्हातारा शेरडं पाजत होता. त्यानं काठी पुढं केली, पिंकीनं ती धरली. संपलं एवढंच. मला बातमी कळेपर्यंत पिंकी घरी येऊन बिस्किट खात होती.

सुमन त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, “मला पवायला शिकवा.”

“कुणाला?”

“मला.”

मी चहा पीत होतो. तो नाकातून आला. सुमन आणे पठारावरची. पठारावर पाण्याचा दुष्काळ किती, ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक. म्हटलं, “अगं, तू आण्याची! तुमच्याकडं टँकर आला तर त्याला ओवाळतात. पाण्यात पडलीस तर पवायचं सोडून घागर भरत बसशील!”

(हा विनोद मी तेव्हाच लक्षात ठेवला. संध्याकाळी थारोळ्यावर सांगायचा होता.)

ती हसली नाही. “पोरगी वाहत चालली व्हती अन् मी काठानं पळत व्हते,” ती म्हणाली. “मला पवायला शिकवा.”

असं तिनं महिनाभर सांगितलं. भांडून नाही. मीठ संपलंय हे सांगावं तशा आवाजात. शेवटी मी हो म्हणालो. ठरलं असं, की भर दुपारी बारा वाजता, गडीमाणसं जेवायला गेली, की विहिरीवर फक्त आम्ही दोघं. ती नणंदेचा जुना पंजाबी ड्रेस घालणार, पाठीला दोन डबे बांधणार आणि कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात.

इथवर सगळं बरोबर होतं. पण आदल्या दिवशी मी बबनला म्हणालो, “उद्या दुपारी ये. मजा आहे.”

पाच शब्द! आजवर निस्तरतोय.

डबे गोठ्यातून मीच आणले. दोन्हींची तोंडं झाळून बंद केलेली. एकाच्या बुडाला गंज होता. मला तो दिसला. खोटं कशाला सांगू, दिसला. आणि मनात आलं, ‘बघू तरी काय होतंय!’

सुमन पायऱ्या उतरली. सातव्या पायरीला पाणी गुडघ्याला लागलं. तिनं वर माझ्याकडं बघितलं. मी दोर ताणून धरून मान हलवली. तिनं हात जोडले, पाण्याला की मला ते कळलं नाही, आणि अंग सोडून दिलं. दोन-चार क्षण झकास तरंगली! चेहऱ्यावर असं काही आलं, की लग्नानंतर मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

मग डब्यातून आवाज आला. बुडुक्. बुडुक्. बुडुक्.

एक डबा भरला. तो जड झाला, दुसरा हलकाच राहिला, आणि सुमन भोवऱ्यासारखी आडवी फिरली. तोंड खाली, पाय वर. त्याच क्षणी पंपाच्या मोटारीच्या खोलीआडून इस्माईलची कॉमेंट्री सुरू झाली, “और ये भाभीने लिया यू-टर्न!” मागोमाग बबन, “वैनी, डब्यात काय भरलं? रॉकेल का गोडंतेल?” दोघंच नव्हते. बबननं आणखी पाच-सहा जण आणले होते. ते सगळे एकदम खोलीआडून बाहेर आले आणि हसले.

आणि मी? मीही हसलो! पोट धरून हसलो. पोट धरायला दोन्ही हात लागतात. त्यामुळे दोर सुटला.

सुमन स्वतःच कशीबशी दगडाला धरून वर आली. नाकातोंडात पाणी गेलेलं, केस तोंडावर, ओला ड्रेस अंगाला चिकटलेला, आणि वर काठावर सात-आठ पुरुष. ती पायऱ्या चढून आली. पाठीचे डबे सोडले. माझ्या पायाशी नीट, सरळ ठेवले, पाटावर तांब्या ठेवावा तसे. आणि म्हणाली, “तुमी एकटं हसला असता, तर मी बी हसले असते.”

घरी निघून गेली.

आठ दिवस बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ‘घ्या’सुद्धा पिंकीकडून म्हणवायची. थारोळ्यावर मात्र मी हिरो! ‘वैनीचा यू-टर्न’ करून दाखवा, अशी फर्माईश व्हायची आणि मी ती पुरी करायचो. साभिनय. कांतीशेठ तेव्हा नवव्या पायरीला होते. त्यांनी एकदा पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, “मग दोर कुणी धरला होता?”

“मीच की!” मी म्हणालो.

“अच्छा,” शेठ म्हणाले आणि पुन्हा पाय मारायला लागले. सगळ्या विहिरीत तेवढा एकच माणूस हसला नव्हता. मला वाटलं, त्याच्या कानांत बोळे आहेत म्हणून.

दुसऱ्याच दिवशी पेठेतून निरोप आला. कांतीशेठच्या बायकोला, म्हणजे शेठाणींना, वर्षाचे पापड करायचेत. सुमनचा हात चांगला आहे, रोज दुपारी दोन तास पाठवता का? मी मोठ्या मनानं परवानगी दिली. (ती कुणी मागितली नव्हती.) बाई घरात तोंड पाडून बसण्यापेक्षा पापड लाटलेले बरे, असा माझा उदार विचार.

सुमन रोज बाराला जायची, तीनला यायची. येताना केस ओले.

“केस कसे भिजले?”

“घाम.”

“एवढा?”

“पापडाचं पीठ लई कुटावं लागतं.”

मला पटलं! डोळे लाल दिसले, तिनं सांगितलं, “पापडखाराची वाफ.” मला पटलं! दंड भरल्यासारखे वाटायला लागले, मी म्हणालो, “पापडानं तब्येत सुधारली तुझी.” महिना गेला, पण घरात एक पापड आला नाही. तरी मला शंका आली नाही. मी थारोळ्यावर सांगत होतो, “आमच्या बाईनं पवण्याचा नाद सोडला बरं का! आता पापडात रमलीय.” बबन, इस्माईल मान डोलवायचे. शेठ पाण्यातून माझ्याकडं बघायचे. आता ते पायरी सोडून विहिरीची एक पूर्ण फेरी मारायला लागले होते, जाकिटासकट. आम्ही टाळ्या वाजवून टर उडवली. त्यांनी वाकून नमस्कार केला.

मे महिन्याचा शेवटचा रविवार. आण्याहून माझे सासरे आणि मेहुणा रामदास आंब्याच्या जेवणाला आले. सासऱ्यांनी जन्मात एवढं पाणी एका जागी बघितलेलं नव्हतं. मी आग्रहानं त्यांना विहिरीवर घेऊन गेलो. जावयाची करामत सासऱ्यानं बघायला नको का? त्याआधी मी आमरसाच्या सात वाट्या रिचवल्या होत्या, हे ध्यानात असू द्या. माझ्या ध्यानात नव्हतं.

विहिरीवर त्या दिवशी जत्रा भरल्यासारखी गर्दी. शेठ पोहून वर आले होते आणि खुर्चीवर बसून चहा पीत होते. जाकीट कठड्यावर वाळत टाकलेलं. मी मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर चढलो.

“आवो पावणं, लई उंच हाय!” सासरे खालून ओरडले.

“मामा, बघाच तुमी!”

“पाणी कमी झालंय राव, जपून!” बबनसुद्धा म्हणाला.

“तू बेडकांना शिकव!” असं म्हणून मी सूर मारला.

म्हणजे, सूर मारायचा होता. सात वाट्या आमरसानं वजनाचं गणित चुकवलं. हात पुढं जायच्या ऐवजी पोट पुढं गेलं आणि मी पाण्यावर अख्खाच्या अख्खा, पाटावर पुरणपोळी आपटावी तसा पडलो. फाट्‌! बबन सांगतो, आवाज शाळेपर्यंत गेला. अंगातला सगळा वारा निघून गेला. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर पाणी आत. वर यायला पाय मारला, तर उजव्या पोटरीत असा गोळा आला, की डोळ्यांपुढं काजवे चमकले. कसाबसा वर आलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो.

काय ओरडलो?

“मेलो! पाय! पाय धरला!”

काठावर हशा पिकला! दहा वर्षं तोच प्रयोग, तेच शब्द, तोच नट. “वा सोपानभाऊ!” “आजचा लई भारी जमला!” रामदासनं तर शिट्टी वाजवली. सासरे कौतुकानं म्हणाले, “जावई लई रंगेल गडी हाय!” मी गटांगळी खाल्ली. टाळ्या. दुसरी खाल्ली. आणखी टाळ्या! “बुडबुडे बघा, बुडबुडे! अगदी खऱ्यासारखे!” इस्माईल पाहुण्यांना समजावून सांगत होता, “आता बघा, हा खालून येऊन कुणाचा तरी पाय धरनार.” आणि काठावरच्या लोकांनी घाईघाईनं आपापले पाय वर घेतले.

पाण्याखाली जाताना मला ते दिसलं. रांगेनं वर उचललेले पाय. माणसाला मरताना काय काय आठवतं म्हणतात. मला एवढंच दिसत होतं, की माझ्यासाठी एकही पाय पाण्याकडं येत नाही.

त्याच वेळी सुमन चहाची किटली घेऊन विहिरीवर आली. तिनं क्षणभर पाण्याकडं बघितलं. नवऱ्याचं नाटक कुठलं आणि खरं कुठलं, हे बायकोला कळतं. तिनं किटली ठेवली, पदर खोचला, कठड्यावरचं नारिंगी जाकीट उचललं आणि उडी टाकली.

काठावरचे उचललेले पाय तसेच हवेत राहिले.

सुमन पोहत आली. डोकं वर, हात लांब, पाण्याचा फारसा आवाज नाही. मी तिला मिठी मारायला झेपावलो, तर ती वळसा घालून मागं गेली आणि माझी शेंडीच धरली. (म्हणजे मागचे केस. पण धरलं शेंडीसारखंच.) जाकीट माझ्या हनुवटीखाली सरकवलं आणि कानाशी म्हणाली, “हातपाय झाडू नका. गप पडा.”

लग्नाला आठ वर्षं झाली होती. मी तिचं पहिल्यांदा ऐकलं.

वरून कांतीशेठ खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, “भाऊ, शिट्टी! शिट्टी वाजवा!” माझ्या डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. सांगितलं ते केलं. हनुवटीखाली जाकीट, तोंडात शिट्टी, मागून बायकोनं केसांना धरून ओढत नेलेला, आणि मी जीव तोडून फुर्रर्र फुर्रर्र वाजवतोय! अशा थाटात मी सासऱ्यांसमोर पायरीला लागलो.

सासरे पायरीवर आले. मी त्यांच्या पाया पडावं की उलटी करावी, या विचारात होतो. दोन्ही एकाच वेळी झालं.

थोडा दम खाल्ल्यावर मी बबनला विचारलं, “अरे, कुणीच का उडी मारली नाही?”

“आमाला वाटलं नाटक हाय.”

“अन् खरं वाटलं तवा?”

“तवा वैनी गेली व्हती ना.” मग म्हणाला, “पन काय बी म्हण, शिट्टी लई भारी वाजवलीस.”

आणि हसला. इस्माईल हसला. रामदास हसला. सगळी विहीर हसली. दहा वर्षं ज्यांना मी हसायला शिकवलं, त्यांनी विद्या वाया घालवली नाही. एक सुमन हसत नव्हती आणि एक कांतीशेठ. शेठनी थर्मासमधला चहा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, “होतं भाऊ, होतं. सवय नसली की असं होतं.” मला! बारमाही पोहणाऱ्याला! त्यांना टोमणा मारता येत नव्हता, ते मनापासून म्हणाले होते. म्हणून तर ते जास्त लागलं.

घरी आल्यावर विचारलं, “कधी शिकलीस?”

“पापड लाटताना.”

मग कळलं. शेठाणी लहानपणापासून उत्तम पोहणाऱ्या. त्यांच्या माहेरी तळं होतं. शेठनी घरी जाऊन डब्याची हकिगत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी शेठाणींनीच पापडांचा निरोप धाडला. ओळखीच्या एका डॉक्टरांच्या मळ्यात बंदिस्त विहीर होती. तिथं रोज दुपारी दोघी, शेठचंच जाकीट घेऊन. संध्याकाळी ते शेठला लागायचं, म्हणून वाळवून परत.

“मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं, तर तुमी पुन्यांदा बबनभाऊजींना बोलावलं असतं.”

मग, आता जीव वाचलाच आहे तर मन मोकळं करावं म्हणून, मी डब्याचं सांगून टाकलं. म्हटलं, “त्या डब्याला गंज होता. मी बघितला होता.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “मला बी दिसला व्हता.”

“मग बांधून का घेतलास?”

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. “मला वाटलं, तुमी बघून दिलाय, म्हंजी ठीक आसंल.”

आमरसाच्या सात वाट्या पोटात घेऊन पाण्यावर आपटलो, तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

माफी मागायची होती. पण तेवढ्यात पिंकी आली, मग सासरे आले, मग पाऊसकाळ लागला, पेरण्या, टोमॅटोची बांधणी. मनात आलं ते मनातच राहिलं. गावानं मात्र वेळ दवडला नाही. महिन्याच्या आत इस्माईलनं टेम्पोच्या मागच्या फळीवर रंगाऱ्याकडून एक बेडूक काढून घेतला. नारिंगी जाकिटातला, शिट्टी वाजवणारा. तो टेम्पो टोमॅटो भरून बेल्ह्यापासून मंचरपर्यंत फिरायचा. दोन तालुके मला ओळखायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात मी थारोळ्यावर बसलो नाही. बबनला वाटलं रुसलो. रुसलो नव्हतो, पाहुण्यांना माझी गोष्ट सांगितली जात असताना तिथं बसणं अवघड व्हायचं. बबन ती फार रंगवून सांगायचा. साभिनय. वर्षं गेली, आजूबाजूला बोअर झाले, विहिरीचं पाणी खाली गेलं आणि बेडूकही यायचे बंद झाले. शेठ मुलाकडं पुण्याला गेले. जाताना जाकीट सुमनला देऊन गेले. तिनं कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना, त्यांच्या मुलींना पोहायला शिकवायचा सपाटाच लावला. पिंकीला तर असं शिकवलं, की कॉलेजात असताना ती कप घेऊन घरी आली. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही ‘मी शिकवतो’ म्हणायला धजलो नाही.

दोन-चार वर्षांमागं नारायणगावात पोहण्याचा तलाव झाला. निळ्या फरशीचा, आत शिरतानाच औषधाचा वास येणारा. त्यांना दुपारच्या महिलांच्या बॅचला शिकवायला बाई हवी होती. सुमनला बोलावणं आलं. आता रोज दुपारी मी तिला मोटारसायकलवरून सोडतो आणि बॅच सुटेपर्यंत फाटकाबाहेर लिंबाखाली थांबतो. महिलांच्या वेळेत पुरुषांना आत बंदी आहे. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येतो. कशाला हसतात ते मला ऐकू येत नाही. बहुतेक माहीत आहे.

परवा नवा वॉचमन आला. सुमन आत गेल्यावर त्यानं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मांडीवर तिचा टॉवेल, हातात तिची पिशवी.

“मॅडमचे ड्रायव्हर का तुमी?” त्यानं विचारलं.

मी थोडा विचार केला. नवरा म्हणून सांगितलं असतं, तर त्यानं आत जाऊन तिला विचारलं असतं, आणि ती काय म्हणाली असती याची मला खात्री नव्हती.

“व्हय,” म्हटलं. “तात्पुरता हाय. अजून पर्मनंट केलेलं न्हाई.”